पत, कर्ज आणि गुपित

‘पत’ हा शब्द जेमतेम दोन अक्षरांचा. पण आपल्या बोलण्यात त्याची दोन घरं आहेत. एक पतपेढीत आणि दुसरं चावडीवर. पतपेढीत पत म्हणजे तुम्हाला किती कर्ज देता येईल याचा अंदाज. चावडीवर पत म्हणजे तुमच्या शब्दाला किती वजन आहे याचा अंदाज. ‘त्याची पत गेली’ असं कुणी म्हणालं, की त्याचा पैसा गेला की अब्रू गेली, हे मागच्यापुढच्या बोलण्यावरून ताडावं लागतं. मी कवी माणूस. आकड्यांशी माझं फारसं सख्य नाही. शब्दांशी मात्र तीस-पस्तीस वर्षांचा संसार आहे. त्यामुळे ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा की नाही, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करत आला आहे. आज मी तुम्हाला एका अशा देशाबद्दल सांगणार आहे, जिथलं सरकार हा प्रश्न लाखो माणसांना लेखी विचारतं आणि त्यांचं उत्तर तपासून पाहतं.

तो देश अमेरिका. तिथे सरकारी गुपितं हाताळण्यासाठी माणसाला एक परवानगी लागते. ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ असं तिचं नाव. आपण तिला सुरक्षा परवाना म्हणू. हा परवाना फक्त हेरांना आणि सेनापतींना लागतो असा आपला समज असतो. पण लढाऊ विमानाचे भाग जोडणारा तंत्रज्ञ, संरक्षण खात्याचं संगणकाचं जाळं सांभाळणारा इंजिनियर, वकिलातीतला कारकून, परक्या भाषेतली कागदपत्रं वाचणारा अनुवादक, साधा शिपाईगडी, या सगळ्यांना तो लागू शकतो. २०१७ साली असा परवाना असलेल्यांची संख्या चाळीस लाखांच्या आसपास होती. त्यात खासगी कंपन्यांत काम करणारी माणसंही मोठ्या संख्येनं होती. परवाना सर्वसाधारणपणे अमेरिकेच्या नागरिकालाच मिळतो. पण आपल्याकडून तिकडे गेलेली, तिथेच स्थिरावून नागरिक झालेली मराठी मुलं आता कमी नाहीत. त्यातल्या काहींच्या कंपन्या संरक्षण खात्याची कामं घेतात. म्हणून हा विषय आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचला आहे.

माझ्यापर्यंत तो माझ्या भाच्यामुळे पोचला. आमच्या आपाचा हा मुलगा इथे शिकला, पुढे तिकडे गेला, नोकरी केली, नागरिक झाला. काही वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं बाळंतपण अवघड झालं. विम्यानं काही भार उचलला, उरलेलं बिल यांच्या अंगावर आलं. त्याच सुमारास त्यांनी घर बदललं. इस्पितळाची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली आणि एके दिवशी ते बिल वसुली करणाऱ्या एजन्सीकडे गेलं. पुढे कंपनीनं या परवान्यासाठी त्याचं नाव दिलं. अर्ज भरायला बसला तेव्हा रात्री त्याचा मला फोन आला. म्हणाला, “मामू, मला वाटलं होतं माझ्या हिंदुस्थानातल्या नातेवाइकांबद्दल विचारतील. ते विचारलंच आहे. पण कर्जाबद्दल त्याहून बारकाईनं विचारलंय. बिल थकलं म्हणून हे लोक मला फितूर समजतील का?”

फितूर हा शब्द त्यानं वापरला आणि मी गप्प झालो. रुग्णालयाचं बिल आणि फितुरी यांचा संबंध कुणी कसा जोडू शकतो, हे मला तेव्हा कळेना. म्हणून मी वाचायला बसलो. जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी कर्जाचा आणि फितुरीचा संबंध कुठून आला ते पाहू. जॉन वॉकर नावाचा एक माणूस अमेरिकी नौदलात संदेशवहनाच्या विभागात होता. नोकरी चांगली होती. पण त्यानं जोडीला एक बार काढला. तो तोट्यात गेला आणि वॉकर कर्जात बुडाला. १९६७ मध्ये तो वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत शिरला आणि नौदलाच्या सांकेतिक लिपीच्या किल्ल्या विकायला लागला. पुढे यात त्यानं आपल्या मित्राला, भावाला आणि पोटच्या मुलालाही ओढलं. १९८५ साली तो पकडला गेला, तोवर सुमारे सतरा वर्षं हा व्यापार सुरू होता.

दुसरा रोनाल्ड पेल्टन. तो एन.एस.ए. म्हणजे परदेशी संदेश ऐकणाऱ्या गुप्त संस्थेत नोकरीला होता. १९७९ मध्ये त्यानं दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी नोकरी सोडली. १९८० च्या जानेवारीत तोही त्याच वकिलातीच्या दारात उभा राहिला. समुद्राच्या तळाशी असलेल्या सोव्हिएत केबलवर अमेरिका कान लावून बसली होती, ही बातमी त्यानं विकली. त्याला मिळालेली रक्कम पस्तीस हजार डॉलरच्या आसपास होती. इतक्या मोठ्या गुपिताची इतकी किरकोळ किंमत! पण गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला भाव करायला सवड नसते.

तिसरा सगळ्यात कुप्रसिद्ध, सी.आय.ए.चा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स. घटस्फोट, नवा संसार आणि वाढता खर्च यांनी तो कर्जात होता. १९८५ मध्ये त्यानं सोव्हिएत वकिलातीकडून पन्नास हजार डॉलर घेतले. एकदाच पैसे घ्यायचे आणि विषय संपवायचा, असा आपला बेत होता असं त्यानं नंतर सांगितलं. तसं होत नसतं. त्याच्या हातून सोव्हिएत संघात अमेरिकेसाठी काम करणाऱ्यांची नावं गेली आणि त्यातल्या किमान दहाजणांना देहदंड झाला. १९९४ च्या फेब्रुवारीत त्याला अटक झाली, तोवर वीस लाखांहून अधिक डॉलर त्याच्या हाती पडले होते.

एम्सच्या अटकेनंतर तिथे मोठी खळबळ उडाली आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक आदेश काढला. गुपितं हाताळणाऱ्यांच्या आर्थिक व्यवहारांची तपासणी त्या आदेशानं अधिक कडक केली. आज जे निकष लागू आहेत ते २०१७ च्या जूनपासूनचे. ते एकूण तेरा आहेत. देशनिष्ठा, परदेशी संबंध, दारू, अमली पदार्थ, गुन्हे अशी ती यादी आहे. इंग्रजी मुळाक्षरांनी त्यांना क्रम दिले आहेत आणि त्यात ‘एफ’ या अक्षरावर पैशाचा निकष येतो. त्यामागचा विचार साधा आहे. ज्याचं उत्पन्न आणि देणं यांचा मेळ बसत नाही, त्याच्यावर गैरमार्गानं पैसा मिळवण्याचा दबाव अधिक येऊ शकतो. आणि ज्याला स्वतःच्या घरचे नियम पाळता येत नाहीत, तो गुपितं जपण्याचे नियम पाळेल का, ही दुसरी शंका.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघा. परवान्यासाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. ज्या कामाला तो लागतो, ते काम देणाऱ्यानं तुमचं नाव द्यावं लागतं. मग शंभराहून अधिक पानांचा अर्ज येतो. एस.एफ. ८६ या नावानं तो तिकडे ओळखला जातो. त्यात गेल्या सात वर्षांचा हिशेब मागतात. दिवाळखोरी जाहीर केली होती का? कर भरायचा किंवा करपत्रक द्यायचं राहिलं का? एखादं देणं वसुली एजन्सीकडे गेलं का? घर किंवा गाडी जप्त झाली का? पगारातून कोर्टाच्या हुकमानं कापणी होते का? कुठलं देणं १२० दिवसांहून अधिक थकलं का? जुगारामुळे पैशाची अडचण झाली का? या सगळ्याची उत्तरं लिहून झाली, की सरकार त्या माणसाचा पतअहवाल मागवतं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवतं. पुढे चौकशी अधिकारी प्रत्यक्ष भेटून विचारतो. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांशी, ओळखीच्या माणसांशीही बोलतो. या माणसाचं राहणीमान त्याच्या कमाईला साजेसं आहे का, असा प्रश्न शेजाऱ्याला आला तर त्याचं मूळ या तपासणीत असतं.

परवाना मिळाला की सुटलो, असंही नाही. पूर्वी टॉप सीक्रेट दर्जाच्या माणसाची दर पाच वर्षांनी आणि सीक्रेट दर्जाच्या माणसाची दर दहा वर्षांनी फेरतपासणी होत असे. अलीकडे संगणकाच्या मदतीनं सततची नजर ठेवली जाते. एखादं मोठं देणं थकलं की त्याची खबर लागायला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, म्हणजे कर्ज असलं की परवाना गेलाच. तसं मुळीच नाही. अमुक इतके डॉलर कर्ज असेल तर नकार, असा आकडा त्या निकषांत कुठेही नाही. घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, शिक्षणाचं कर्ज हप्ते वेळेवर जात असतील तर आड येत नाही. थकलेलं कर्जही आपोआप आड येत नाही. कर्ज का झालं आणि झाल्यावर तुम्ही काय केलंत, हे दोन प्रश्न तिथे निर्णायक ठरतात.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात निकषांनी माणसाच्या नशिबाला जागा ठेवली आहे. नोकरी गेली, धंदा बसला, अचानक आजारपण आलं, घरात मृत्यू झाला, घटस्फोट झाला, कुणी तुमच्या नावावर परस्पर कर्ज काढलं, लुबाडणाऱ्या सावकाराच्या तावडीत सापडलात, ही सगळी कारणं त्यात नावानिशी नोंदलेली आहेत. पण एक अट आहे. संकट तुमच्या हाताबाहेरचं असेल, तरी त्या संकटात तुम्ही जबाबदारीनं वागला असलं पाहिजे. देणेकऱ्याला कळवलंत का? हप्ते ठरवलेत का? ठरवलेले हप्ते भरता आहात का? जाणकाराचा सल्ला घेतलात का? देणं तुम्हाला मान्य नसेल तर तसं लेखी कळवून पुरावा जोडलात का? दिवाळखोरीसुद्धा कायद्यानं दिलेला मार्ग असल्यानं तेवढ्यावरून कुणी अपात्र ठरत नाही. याउलट ऐपत असून देणं बुडवणं, ऐपतीबाहेर सतत खर्च करणं, वर्षानुवर्षं करपत्रकच न भरणं, जुगारासाठी कर्ज काढणं आणि जुगारातला तोटा घरच्यांपासून लपवणं, या गोष्टी जड जातात. करपत्रकाबाबत तर फार कडक पाहिलं जातं. ज्या सरकारची गुपितं सांभाळायची, त्याच सरकारला आपलं उत्पन्न सांगायचं टाळणारा माणूस त्यांना चालत नाही. त्यातही थकलेल्या करासाठी कर खात्याशी हप्ते ठरवून ते भरत असाल, तर तेही तुमच्या बाजूनं मोजलं जातं.

आणि सगळ्यांत जड जाणारी गोष्ट म्हणजे लपवणं. अर्जावर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण कायद्याच्याही आधी यात व्यवहाराचं एक तर्कशास्त्र आहे. कर्ज उघड असेल तर त्या कर्जावरून तुम्हाला कुणी धमकावू शकत नाही. ‘तुझ्या बायकोला सांगतो, तुझ्या साहेबाला सांगतो’ असं म्हणायला समोरच्याकडे काही उरतच नाही. झाकून ठेवलेलं कर्ज हे मात्र तुमच्या गळ्यातलं दावं होतं आणि त्याचं दुसरं टोक कुणाच्याही हाती जाऊ शकतं.

हे वाचताना मला आमच्या अब्बांचं दुकान आठवलं. तालुक्याच्या गावी त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं आणि निम्मं गाव उधारीच्या वहीत होतं. शेतकरी सुगीला द्यायचा, मास्तर पगाराला द्यायचे. उशीर सगळ्यांनाच व्हायचा. अब्बा म्हणायचे, “जो दुकानासमोरून जाताना ‘चाचा, पुढच्या महिन्यात देतो’ म्हणतो, त्याची फिकीर नाही. जो पलीकडच्या गल्लीनं जायला लागला, त्याचं पान उघडून बघायचं.” अमेरिकी निकषांचा तो ‘एफ’ म्हणजे अब्बांच्या या वाक्याचा सरकारी तर्जुमा आहे, असं मला वाटतं.

पण अब्बांचा गिऱ्हाईक निदान बाजू मांडायला दुकानात येऊ शकत होता. तिकडे बाजू मांडता येते का? येते. खासगी कंपनीतल्या माणसाला परवाना नाकारायचा असेल, तर संरक्षण खातं त्याला आधी कारणांचं लेखी पत्र देतं. वीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्याला हवं असेल तर न्यायाधीशासमोर सुनावणी होते, त्यावर अपील करता येतं. हे निकाल नावं वगळून प्रसिद्ध केले जातात. कुणाची नोकरी गेली, कुणाचा संसार मोडला, २००८ च्या मंदीत कुणाचं घर कर्जापेक्षा स्वस्त झालं, अशा हकिकती त्यात भेटतात. न्यायाधीश एकेक देणं मोजतो आणि शेवटी सगळ्या माणसाकडे बघून निर्णय देतो. ‘संपूर्ण माणूस’ पाहायचा, असं तत्त्वच तिथे घालून दिलेलं आहे.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे उलट आहे. शंका उरली, तर निर्णय देशाच्या सुरक्षेच्या बाजूनं, म्हणजे त्या माणसाच्या विरुद्ध जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये एका निकालात स्पष्ट सांगितलं, की असा परवाना मिळणं हा कुणाचाही हक्क नाही. परवाना गेला की बहुतेकदा नोकरी जाते. नोकरी गेली की जे कर्ज फेडायचं होतं, ते फिटण्याची वाटही बंद होते. गुन्हा केलेला नसताना असं होऊ शकतं, म्हणून या व्यवस्थेकडे डोळसपणे पाहिलं पाहिजे.

आणि तसं पाहिलं की तिच्यातल्या फटी दिसतात. पहिली फट म्हणजे गरिबाला लवकर लागणारी झळ. तिथे पगार होईपर्यंत उसने पैसे देणारी दुकानं असतात. शंभर डॉलर दोन आठवड्यांसाठी घ्या आणि पंधरा डॉलर वर द्या, असा साधारण हिशेब. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वर्षात असे सव्वीस पंधरवडे येतात, म्हणजे वर्षाचा दर ३९० टक्के झाला! आपल्याकडचे जुने सावकारही लाजतील. अशी दुकानं लष्करी तळांच्या वेशीपाशी दाटीनं उभी राहिली होती, कारण तरुण शिपायाचा पगार छोटा पण नक्की असतो. परिणाम काय झाला? अमेरिकेचं नौदल, मरीन दल आणि हवाई दल यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, पैशाच्या अडचणींमुळे रद्द झालेले परवाने २००२ मध्ये २८४ होते, ते २००५ मध्ये २,६५४ झाले. तो काळ इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांचा. माणसं हवी होती आणि कर्जापायी ती कामावरून दूर करावी लागत होती. अखेर २००६ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून सैनिकांना द्यायच्या अशा कर्जांवर वर्षाला ३६ टक्क्यांची मर्यादा घातली. शिपायाला दोष देता देता, त्याच्या दारात बसलेल्या सावकाराकडेही बघावं लागतं, हे उशिरा का होईना सरकारला कळलं.

दुसरी फट सरकारनंच पाडलेली. तिथे अंदाजपत्रकावरून राजकीय भांडण झालं की सरकारी कामकाज थांबतं आणि पगारही थांबतात. २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जानेवारीपर्यंत असं ३५ दिवस झालं, २०२५ च्या शरद ऋतूत तर ४३ दिवस झालं. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार लांबले. घराचे हप्ते मात्र तारखेला उभेच होते. हप्ता थकला तर परवाना धोक्यात, आणि पगार न देणारं तेच सरकार! अशा वेळी हाताबाहेरच्या संकटाचं ते कलम कर्मचाऱ्याच्या मदतीला येतं, पण झोप उडायची ती उडतेच.

तिसरी फट सगळ्यांत मोठी. कर्जदाराला शोधणारी नजर श्रीमंताला पाहून निवांत झाली होती. वर ज्या एम्सची गोष्ट सांगितली, तो पैसे घेऊ लागल्यावर कर्जबाजारी राहिलाच नव्हता. वर्षाचा पगार सत्तर हजार डॉलरच्या आत आणि घर घेतलं पाच लाख चाळीस हजारांचं, तेही रोखीनं. दारात जग्वार गाडी. सासरची माणसं कोलंबियात श्रीमंत आहेत, असं तो सांगत राहिला आणि ते खपत राहिलं. खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या परीक्षेत तो १९८६ मध्ये पास झाला, १९९१ मध्येही पास झाला. म्हणून आताच्या निकषांत कर्जाबरोबर, कारण सांगता न येणारी सुबत्ता हाही संशयाचा मुद्दा आहे. आणि सगळी फितुरी पैशासाठी असते असंही नाही. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेतली ॲना मॉन्टेस २००१ मध्ये क्यूबासाठी हेरगिरी करताना पकडली गेली. ती हे काम पैशासाठी करत नव्हती, तिची तशी धारणा होती. पतअहवाल वाचून माणसाचं मन वाचता येत नाही, हे त्या लोकांनाही ठाऊक आहे.

हे सगळं परक्यांचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. आपल्याकडे १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांत स्पष्ट सांगितलं आहे, की सरकारी नोकरानं आपले खासगी व्यवहार असे ठेवावेत, की तो नेहमीचा कर्जबाजारी किंवा दिवाळखोर होणार नाही. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही या विषयावर नियम आहे. केंद्राच्या नियमात तर, कर्ज उधळपट्टीनं झालेलं नाही, ते हाताबाहेरच्या कारणानं झालं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी नोकरावर आहे. म्हणजे प्रश्न तेच दोन, कर्ज का झालं आणि तुम्ही काय केलंत. अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. एका मोठ्या सरकारी बँकेनं निवडलेल्या उमेदवाराची नेमणूक त्याच्या खराब पतइतिहासामुळे रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये बँकेचा निर्णय योग्य ठरवला. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याची आर्थिक शिस्त बघितली पाहिजे, असा त्यामागचा विचार. तेव्हा मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारं कर्ज घेणाऱ्या आपल्या मुलांनी एवढं ध्यानात ठेवावं, की विसरलेला हप्ता तुम्हाला विसरत नाही.

म्हणून थोडं व्यवहाराचंही बोलतो. आपला पतअहवाल वर्षातून एकदा स्वतः वाचावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर लगेच लेखी कळवावी, त्याची पोच जपून ठेवावी. घर बदललं तर पत्ता बदलल्याचं इस्पितळापासून बँकेपर्यंत सगळीकडे सांगावं. हप्ता जमत नसेल तर आधी बोलावं, छोटा का होईना हप्ता ठरवावा आणि तो पाळावा. घरात कर्जाची गोष्ट नवरा-बायको दोघांना माहीत असावी. माझ्या भाच्यानं अर्जावर ते बिल आकड्यासकट लिहिलं, एजन्सीशी हप्ते ठरवले, भरलेल्या पावत्या जोडल्या. चौकशी अधिकाऱ्यानं सगळ्यांत जास्त वेळ त्याच बिलावर घालवला. काही महिन्यांनी त्याला परवाना मिळाला.

कर्जदाराला सवड द्यावी, हे आपल्या मातीत नवं नाही. ऋणको अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत थांबा, असं कुराणात सांगितलं आहे. वडिलोपार्जित सावकारीची खतं तुकोबांनी इंद्रायणीत सोडल्याचं आपली परंपरा सांगते. आणि सवड न देणाऱ्या सावकारांचं काय होतं, हे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यानं पाहिलं आहे. तिथे चिडलेल्या कुणब्यांनी कर्जाची खतंच जाळली. देणं फेडण्याची जबाबदारी ऋणकोची, हे खरं. पण प्रामाणिकपणे फेडणाऱ्याला वेळ देण्याची जबाबदारी समाजाची आणि सरकारचीही आहे.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येतो, कारण माझी मिळकत तीच. कर्ज, जामीन, जप्ती, वसूल हे आपले रोजचे शब्द अरबीतून फिरत फिरत मराठीत आले. त्याच वाटेनं आणखी एक शब्द आला, अमानत. मराठीच्या तोंडी अक्षरांची अदलाबदल होऊन त्याची ‘अनामत’ झाली. आता आपण ती फक्त भाड्याच्या घरासाठी आणि निवडणुकीसाठी भरतो. मूळ अर्थ मात्र मोठा आहे. भरवशानं कुणीतरी सोपवलेली आणि जशीच्या तशी परत करायची वस्तू, ती अमानत. उसने घेतलेले पैसे ही अमानत आहे आणि देशाचं गुपितही अमानतच आहे. एक सांभाळणाऱ्याला दुसरी सांभाळता येईल का, एवढंच तो शंभर पानांचा अर्ज विचारतो. त्याचं उत्तर खिशातल्या पैशावरून मिळत नाही. देणं असताना माणूस देणेकऱ्याच्या गल्लीनं जातो की पलीकडच्या, यावरून मिळतं.